ज्या ठिकाणाहून उत्तर येईल

१

‘मला मान्य आहे’ हे बटण तुम्ही आजवर किती वेळा दाबलंत? आणि त्याच्या वरचा मजकूर वाचून किती वेळा? राहू द्या, सांगू नका. सगळ्यांचं उत्तर एकच असतं, आणि त्या उत्तरावरच सोपेताईचं पोट चालत होतं.

सोपेताई हे काही तिचं खरं नाव नव्हे, ऑफिसातल्यांनी ठेवलेलं. सॉफ्टवेअर कंपन्यांचे परवाना-करार तिच्याकडे यायचे, साठ-साठ पानी, ‘उपरोक्त’ आणि ‘तदनुषंगाने’ यांनी ठासून भरलेले. ते निवडून, पाखडून, चारचौघांना कळतील अशा भाषेत लिहायचे हे तिचं काम. ‘वापरकर्ता’ काढायचा आणि ‘तुम्ही’ घालायचं. एका दमात वाचून होणार नाही असं वाक्य ठेवायचं नाही. ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली पोरं दिवसभर टायरांत हवा भरतात आणि वर ही बाई दिवसभर करारातली हवा काढते, असं तिथले वकीलसाहेब म्हणायचे. वकीलसाहेबांना दिवसाला एक तरी विनोद केल्याशिवाय जेवण पचत नसे.

लिहून झालं म्हणजे संपलं असं मात्र नव्हतं. मग यायचं ‘उलट सांगणं’. एखादा साधा माणूस बोलवायचा. त्याने कलम वाचायचं, कागद पालथा घालायचा आणि वाचलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. तेही ‘मी’ म्हणून. ‘मी’ म्हणाल्याशिवाय हे आपल्याबद्दल चाललंय हे माणसाच्या डोक्यातच शिरत नाही, हा सोपेताईचा स्वतःचा शोध, आणि तिला त्याचा कोण अभिमान! समोर रेकॉर्डर चालू असायचा. नीट सांगितलं की कलम पास, आणि रेकॉर्डिंग कंपनीकडे रवाना.

अकरा वर्षांत तिचं एकही कलम अडलं नव्हतं. सत्ताविसावं अडलं.

२

करार तसा किरकोळ होता. घरातले जुने फोटो, आवाज, कागदपत्रं जपून ठेवायचं एक सॉफ्टवेअर, त्याचा. एकूण कलमं एकेचाळीस. सत्ताविसाव्याशी येऊन तिचा पेन थांबला. तिथे लिहिलं होतं की, वापरकर्ता एका समयी एकाच स्थानी कार्यान्वित राहील, अन्य स्थानी कार्यान्वित झाल्यास पूर्वस्थानी निष्क्रिय होईल, आणि ज्या स्थानाहून प्रतिसाद येईल ते स्थान कार्यान्वित मानण्यात येईल.

‘‘वकीलसाहेब, इथे चूक आहे,’’ ती म्हणाली. ‘‘सॉफ्टवेअर एका वेळी एकाच फोनवर चालेल, असं म्हणायचं असणार त्यांना. इथे वापरकर्ता पडलाय. माणूस कसा निष्क्रिय होईल?’’

‘‘आमच्या घरी या रविवारी, दाखवतो,’’ वकीलसाहेब म्हणाले. पण त्यांनी कंपनीला विचारलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: ‘मजकूर बरोबर आहे. आपण फक्त सोपा करावा.’

तिने खांदे उडवले आणि सोपा केला. ‘तुम्ही एका वेळी एकाच ठिकाणी चालू असाल. दुसऱ्या ठिकाणी चालू झालात, की पहिल्या ठिकाणी बंद व्हाल. ज्या ठिकाणाहून उत्तर येईल, ते ठिकाण चालू.’ तीन वाक्यं. पाचवीतल्या पोराने घडाघडा सांगावीत अशी.

पहिला वाचक शिंपी होता. सव्वीस कलमं त्याने फटाफट उलट सांगितली. सत्ताविसावं वाचलं, कागद पालथा घातला आणि म्हणाला, ‘‘नाही समजलं.’’ दुसऱ्या आल्या त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनीही सव्वीस सांगितली, चष्म्याची घडी घातली आणि म्हणाल्या, ‘‘हे नाही हो कळत मला.’’ चाळीस वर्षं मुलांना निबंध शिकवलेली बाई! टॅक्सीवाल्याचं तेच. नर्सचं तेच. नऊ माणसं झाली, आणि नऊ जणांना नेमकं तेवढंच कळेना.

टॅक्सीवाला जाता जाता दारात थांबला. ‘‘ताई, राग मानू नका,’’ तो म्हणाला, ‘‘पण हे असं मोठ्यानं कुणाकडून वदवून घेऊ नका.’’

‘‘म्हणजे तुम्हाला समजलंय!’’ ती म्हणाली.

‘‘छे छे. मला काही समजलं नाही,’’ तो घाईघाईने म्हणाला, आणि समोर ठेवलेला चहा तसाच टाकून जिना उतरला.

सोपेताईच्या नाकाला मिरची झोंबली. तिची अकरा वर्षांची कमाई हे तीन वाक्यांचं कलम मातीत घालणार? तिने कागद पिशवीत टाकला आणि सरळ घर गाठलं.

३

घरी ती आणि नाना, दोघंच. नाना म्हणजे तिचे वडील. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची सारी हयात गेली. आता वय अठ्ठ्याहत्तर, पण अजून कुठल्या इमारतीत शिरले की लिफ्टच्या दाराला कान लावून ‘हिचा दोर बदलायला हवाय’ म्हणणारे. आई गेल्यापासून या माणसाशिवाय सोपेताईला दुसरं कुणी नव्हतं, आणि त्यांनाही तिच्याशिवाय. दोघं दिवसभर एकमेकांवर खेकसायची आणि एकमेकांवाचून त्यांचं पान हलत नसे.

घरच्या माणसाकडून उलट सांगून घ्यायचं नाही, असा ऑफिसचा नियम होता. तो मोडताना तिला जरा चुकल्यासारखं वाटलं. पण नानांनी कागद हातात घेतलाही होता.

‘‘एवढंच?’’ ते म्हणाले. ‘‘यासाठी नऊ माणसं हात टेकून गेली? कसली माणसं पकडून आणता गं तुम्ही!’’

‘‘कागद पालथा घाला, नाना. आणि ‘मी’ म्हणायचं, लक्षात आहे ना?’’ तिने फोनवरचा रेकॉर्डर चालू केला.

नानांनी घसा खाकरला. दोन छोटे आणि एक लांब, नेहमीसारखा. ‘‘हे बघ. लिफ्ट एकच असते, मजले चार. ती एका वेळी एकाच मजल्यावर उभी राहणार, बरोबर? तसा मी. मी इथे आहे तोवर इथे. मी दुसरीकडे चालू झालो, की इथला मी बंद. आणि मी नक्की कुठे आहे हे कसं ठरवायचं? मला हाक मारायची. जिथून ओ येईल, तिथला मी खरा. समजलं. त्यात काय एवढं?’’

‘‘शाब्बास!’’ ती म्हणाली. तिला इतका आनंद झाला, की तिने तिथल्या तिथे रेकॉर्डिंग पाठवून दिलं. कंपनीचं उत्तर हातोहात आलं: ‘कलम २७, पास.’ त्याखाली आणखी एक ओळ होती. अशी ओळ आजवर कधीच आली नव्हती: ‘समजून घेतल्याबद्दल आभार.’

४

दोन दिवसांनी सकाळी ती स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. समोरच्या दारातून पुढची खोली दिसत होती आणि खिडकीपाशी बसलेल्या नानांचं टक्कल दिसत होतं. तेवढ्यात मागच्या खोलीत चपला वाजल्या.

मागची खोली म्हणजे अडगळ. नानांच्या हत्यारांच्या पेट्या, एक मोडकी खाट, आईचं कपाट. तिथे सपक-सपक चपला ओढत कुणी तरी खाटेपासून कपाटापर्यंत गेलं, आणि मग घसा खाकरला. दोन छोटे, एक लांब.

तिची सुरी थांबली. टक्कल जागेवर होतं.

वरच्या मजल्यावरचे असतील, तिने स्वतःची समजूत घातली. पाइपातून आवाज कुठून कुठे जातात. वरचा माणूस तरुण होता आणि एकटा होता, ही गोष्ट तिने जरा बाजूला ठेवली. ‘‘नाना,’’ तिने हाक मारली.

‘‘ओ?’’ नाना खिडकीपासून म्हणाले.

‘‘काही नाही. चहा ठेवतेय.’’

तिने उठून मागची खोली पाहिली. कुणी नव्हतं. हत्यारांची वरची पेटी तेवढी उघडी होती आणि खाटेचा मोडका पाय नीट बसवलेला होता. ‘‘हे तुम्ही कधी केलंत?’’ तिने नानांना विचारलं. नाना खाटेकडे बघत राहिले. ‘‘काम माझ्या हातचं आहे,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘विसरलो असेन. म्हातारपण, दुसरं काय.’’

गुरुवारी ती बाहेरून आली आणि चपला काढता काढता सवयीने ओरडली, ‘‘नाना, आले मी!’’ पुढच्या खोलीतून ‘ओ’ आला. त्याच्या पाठोपाठ, अगदी केसभर मागे, मागच्या खोलीतून आला.

आवाज घुमला असेल, झालं. घरात सामान कमी असलं की घुमतो. पण आत गेली तर नाना खुर्चीत टेकून बसले होते आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. ‘‘काय झालं गं कुणास ठाऊक,’’ ते म्हणाले. ‘‘ओ द्यायला पळत आल्यासारखी धाप लागली.’’



५

‘‘ते रेकॉर्डिंग परत घ्यायचंय,’’ तिने वकीलसाहेबांना सांगितलं. ‘‘घरच्या माणसाचं आहे. नियमात बसत नाही. ते बाद करा आणि मला वाटेल तो दंड करा.’’

‘‘अहो सोपेताई, पास झालेलं कलम बाद करायला कोण निघतं? तुम्ही पहिल्याच,’’ वकीलसाहेब हसले. तिचा चेहरा पाहून हसू आवरून ते संगणकाकडे वळले. ‘‘बरं, ऐकू तर या. त्यात खोट काढता येते का बघू.’’

नानांचा आवाज लागला. लिफ्ट, चार मजले, हाक, ओ. ‘समजलं. त्यात काय एवढं?’ मग तिचं ‘शाब्बास’. तिथे तिने रेकॉर्डर बंद केला होता. हे तिला पक्कं आठवत होतं, हिरवं बटण लाल झालेलं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

रेकॉर्डिंग चालूच राहिलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग नाना अगदी जवळून, दबक्या आवाजात म्हणाले, ‘‘झालं का? मग मी कुठे बसू?’’

चपला दूर गेल्या. एक दार उघडलं.

खाली टायरात हवा भरल्याचा फुस्स आवाज आला आणि दोघंही दचकली. वकीलसाहेबांना पहिल्यांदाच विनोद सुचला नाही. त्यांनी कंपनीला लिहिलं: समजल्याची नोंद रद्द करावी. या वेळीही उत्तर लगेच आलं. ‘नोंद रद्द करता येत नाही. संबंधित व्यक्तीला कलम समजेनासं झाल्यास कळवावं.’

ती निघाली तसे वकीलसाहेब जिन्यापर्यंत आले. ‘‘ताई, माझ्या बोलण्याला काही अर्थ नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पण उत्तर यायला आधी हाक लागते. तेव्हा घरी, म्हणजे काही दिवस, हाक नका मारू त्यांना.’’

६

असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी ती बाई नव्हती. तरी त्या दिवसापासून तिने हाक मारणं सोडलं. काही सांगायचं असलं की उठायचं, नानांपर्यंत जायचं आणि खांद्याला हात लावायचा. हाताला ऊब लागली की तिचा जीव भांड्यात पडे.

मागच्या खोलीचं दार तिने बाहेरून बंद केलं. आत कुणी तरी होतं आणि त्याला मुळीच घाई नव्हती. तो पेट्या लावून ठेवायचा. खाटेवर बसायचा. दुपारी नाना पुढे डुलकी घेत, तेव्हा मागून त्यांचं घोरणं ऐकू यायचं. पुढच्या नानांचं घोरणं मात्र दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं.

नाना तिचे वडील होते, त्यांना हे कळल्याशिवाय कसं राहील? ‘‘हल्ली तू मला हाक मारत नाहीस,’’ एकदा जेवताना ते म्हणाले. ‘‘भुतासारखी येऊन खांद्याला हात लावतेस. काही चुकलं का माझं?’’

‘‘नाही हो, नाना.’’

‘‘मग मार की हाक. घरात कुणी नाव घेईना, की आपण आहोत की नाही असं वाटायला लागतं.’’

तिला भडभडून आलं. तिने ताट बाजूला सारलं, पिशवीतून एक कागद काढला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. अकरा वर्षांत केलं नव्हतं ते तिने सकाळभर बसून केलं होतं. तेच सत्ताविसावं कलम तिने अवघड केलं होतं. ‘तथापि’ घातले, ‘यथास्थिती’ घातले, एकात एक कंस घातले, वाक्याची शेपूट पानभर लांबवली. कंपनीच्या वकिलालाही घाम फुटावा असं ते झालं होतं.

‘‘वाचा. आणि समजलं नाही, असं म्हणा,’’ ती म्हणाली. रेकॉर्डर चालू होता.

नानांनी चष्मा लावला. ओठ हलवत पान खालपर्यंत वाचलं. मग त्यांचा चेहरा उजळला. ‘‘अगं, हे तर तेच! लिफ्टचं! मी दुसरीकडे चालू झालो, की इथला मी बंद.’’

‘‘नाना, तुम्हाला समजलं नाहीये!’’

‘‘अगं, समजलंय तर—’’

‘‘तुमच्या पाया पडते. खोटं खोटं म्हणा. एकदाच म्हणा, मला समजलं नाही.’’

तिला रडताना पाहून नाना गांगरले. त्यांनी खरंच प्रयत्न केला. ‘‘मला... समजलं नाही,’’ ते म्हणाले. पण या माणसाला जन्मात खोटं बोलता आलं नव्हतं. त्यांचा आवाज लटपटला, आणि बंद दाराआडून, खाटेवरून, तोच आवाज खणखणीत म्हणाला, ‘‘समजलंय.’’

नानांनी ते ऐकलं. पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि तिचा हात हातात घट्ट धरून बसले.

७

रविवारी दुपारी पुढच्या खोलीतला दिवा गेला. ‘‘मी बदलते,’’ ती स्वयंपाकघरातून म्हणाली, पण हात कणकेने भरलेले. ते धुऊन होईस्तोवर नानांनी खिडकीखाली स्टूल ओढलं आणि त्यावर चढलेसुद्धा. चाळीस वर्षं लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून काम केलेला माणूस, स्टुलाला कसला भितो! त्या दिवशी ते खुशीत होते. शीळ घालत दिवा फिरवत होते.

ती दारात आली तेव्हा स्टुलाचा एक पाय सतरंजीच्या कडेवरून घसरताना तिला दिसला. खिडकी सताड उघडी होती, आणि खाली तीन मजले. मध्ये जेवणाचं टेबल. धावूनही ती पोचली नसती. मागच्या खोलीत खाट कुरकुरली, कुणी तरी उठून बसल्यासारखी. तेही तिने ऐकलं. सगळं ऐकलं, सगळं कळलं, आणि तरीही तोंडातून निघून गेलं.

‘‘नाना!’’

स्टुलावरून नानांनी मान वळवली. त्यांनी तोंड उघडलं. त्यांना ओ द्यायचा होता, देवाशपथ द्यायचा होता. तिने त्यांचे डोळे पाहिले. इतकी धडपड तिने कुठल्या माणसाच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती.

‘‘ओ! आलो, आलो!’’ मागच्या खोलीतून आवाज आला.

स्टूल कलंडलं नाही. त्यावर भार असायला हवा ना? अर्धवट बसवलेला दिवा होल्डरमध्ये अजून हळूहळू फिरत होता, कुणी तरी आत्ताच बोटं काढून घेतल्यासारखा. मग तो सुटला, स्टुलावर पडला आणि फुटला.

बाहेरून लावलेली कडी आपणहून निघाल्याचा आवाज झाला. बोळातून चपला आल्या, सपक-सपक, आणि तिच्या मागे येऊन थांबल्या. तिला वळता येईना. तिच्या खांद्यावर एक हात पडला. ऊब होती. त्या हाताला मशीनच्या तेलाचा वास होता, आणि अंगठा आयुष्यभर पाना धरून व्हावा तसा खरबरीत होता.

‘‘किती दिवसांनी हाक मारलीस गं,’’ नाना म्हणाले. ‘‘अशीच मारत जा. आणि हलू नकोस, पोरी, अनवाणी आहेस, पायात काच जाईल. थांब, मी केरसुणी आणतो.’’

ती तिथेच खाली बसली आणि ऊर फुटेस्तोवर रडली. त्या आवाजात कुठेही, काहीही चुकलेलं नव्हतं.